शंभर पेंढ्यांना चार किलो

मी बत्तीस वर्षं शेती शिकवली आणि स्वतःच्या हातानं एकदाही तिफण धरली नाही. हे आधीच कबूल करते, म्हणजे मागाहून कुणी विचारायला नको. बीडला दोन खोल्यांचं घर आहे, गच्चीवर चार कुंड्या आहेत, आणि त्यातली एक तर कायमच वाळलेली असते. शेजारच्या वहिनी ती बघून म्हणतात, तुम्ही कृषीच्या प्राध्यापक ना हो? मी हसते. दुसरं काय करणार?

शेती शिकायला कॉलेज कशाला लागतं, हा प्रश्न मला एसटीच्या कंडक्टरपासून लेकीच्या सासऱ्यांपर्यंत सगळ्यांनी विचारलेला आहे. सगळ्यांत नेमका विचारला तो सिरसाळ्याकडच्या एका बापानं. मुलाला प्रवेशासाठी घेऊन आला होता. मी त्याला पहिल्या सत्रापासून सगळं समजावून सांगितलं: मातीचं शास्त्र, किडींचं शास्त्र, बियाणं, फळबागा, जनावरं, हवामान, अर्थशास्त्रसुद्धा. तो टोपी गुडघ्यावर ठेवून मन लावून ऐकत होता. शेवटी म्हणाला, सगळं ठीक आहे, पण यात रानात जायचं कधी येतं? कॉलेजच्या शेतावर तासिका असतातच, पण गावात राहून शेती करायची ती चौथ्या वर्षी, सातव्या सत्रात, असं मी सांगितलं. त्यावर त्यानं टोपी उचलून डोक्यावर घातली आणि म्हणाला, "तवर इसरायचं न्हाई का पोरगं?" मी तो किस्सा विनोद म्हणून स्टाफरूममध्ये सांगितला. आम्ही सगळे पोट धरून हसलो आणि चहा प्यायलो.

तर ते सातवं सत्र. पदवीच्या शेवटच्या वर्षी मुलामुलींना काही महिने खेड्यात राहायला पाठवतात. कागदावर त्याचं नाव ग्रामीण कृषी कार्यानुभव, मुलं नुसतं कार्यानुभव म्हणतात. प्रत्येकाला एक यजमान शेतकरी ठरवून दिलेला असतो. त्याच्याकडं राबायचं, त्याचं बघून शिकायचं, आणि आपण पुस्तकात शिकलेलं गावाला करून दाखवायचं. रोज डायरी लिहायची, मातीचे नमुने काढायचे, फोटो चिकटवायचे, आणि शेवटी बाहेरून आलेल्या परीक्षकापुढे तोंडी परीक्षा द्यायची. माझा विषय पशुसंवर्धन, म्हणजे जनावरं, चारा आणि दूध. पण बाईमाणूस म्हणून मुलींच्या गटाची देखरेख दरवर्षी माझ्याच गळ्यात पडायची. मुली कुठं राहणार, दाराला आतून कडी आहे का, मोरीला आडोसा आहे का, हे आधी बघायचं आणि मग शेती.

या कामात गमतीही पुष्कळ. एका वर्षी एका यजमानीणबाईंनी आमच्याकडच्या एका डॉक्टरांच्या मुलीकडून रोज तीन म्हशींची धार काढून घ्यायला सुरुवात केली. घरून तक्रार आली, पोरीला मोलकरीण केलंय म्हणून. मी चौकशीला गेले तर ती म्हशीच्या पोटाला डोकं टेकवून बसलेली. मला बघून म्हणाली, "मॅडम, जरा थांबा, आत्ताच पान्हा सोडलाय." मी थांबले. तक्रार तिथंच मिटली.

पण ज्या वर्षाबद्दल सांगायचंय त्या वर्षी गावात धार काढण्यासारखं फारसं काही उरलेलं नव्हतं. आदल्या वर्षी पाऊस निम्माच झाला होता आणि त्या वर्षी मृगापासून आभाळ नुसतं यायचं आणि जायचं. मुली आषाढात गावात गेल्या तेव्हा पेरण्या करून दाखवायच्या ऐवजी दुबार पेरणी कशी वाया जाते ते बघत बसल्या. श्रावणात जनावरांची चारा छावणी उघडली. गाव उमापूरच्या अलीकडं आहे, नाव सांगत नाही. झालं त्यात गावाचा काही दोष नव्हता, आणि चांगल्या गावाचं नाव उगाच कशाला चर्चेत आणायचं.

छावणी चालवायला घेतली होती गावच्या सहकारी दूध संस्थेनं. संस्थेकडं त्या वर्षी दूध नव्हतं, पण काटा होता, कॅन होते, सचिव होता आणि चेअरमन होते. चेअरमनना सगळे तात्या म्हणत. बागायतदार, कडक इस्त्री, खिशात दोन फोन. पुढाऱ्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, त्यामुळे मी पहिल्या भेटीत जरा फटकूनच बोलले. पण या माणसाला छावणीतलं प्रत्येक जनावर कुणाचं, कुठल्या दावणीला आणि किती दिवसांपासून मंद आहे, ते तोंडपाठ होतं. ऊस तोडून चारा म्हणून आणायचा, ट्रकसाठी बीडला खेटे घालायचे, हे तो स्वतः करायचा. ट्रक येईल त्या दिवशी जनावरं खायची. न येईल त्या दिवशी तात्या छावणीकडं फिरकायचे नाहीत, कारण त्यांना तिथलं हंबरणं ऐकवायचं नाही. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं.

आमच्या चार मुली कौसाबाईंच्या घरी राहायच्या. कौसाबाई साठीच्या आसपासच्या, बोलायला तिखट. मुलगा आणि सून दर दसऱ्यानंतर बैलगाडी घेऊन साखर कारखान्याच्या ऊसतोडीला जायचे. गाडीची बैलजोडी हेच त्या घराचं सगळं बळ. बैल असले तर गाडी, आणि गाडी असली तर तोडीत जरा मान. त्यातला एक बैल, लखन्या, बाईंनी स्वतः वाढवलेला होता, आणि त्याच्याशी त्या नवऱ्याशी बोलाव्यात तशा बोलायच्या, म्हणजे रागावूनच.

आणि चार मुलींमधली एक सविता. धारूरकडच्या डोंगरातली, आई-बाप दोघंही ऊसतोडीला जाणारे. लहानपणी ती कारखान्याच्या तळावर बैलांच्या मधोमध झोपलेली पोर होती. कॉलेजात पहिल्या वर्षी तिला इंग्रजी पुस्तक वाचता येत नव्हतं, पण आजारी वासरू दुरून ओळखायची. माझ्या नोकरीत मी इतकी जनावराची जाण असलेली मुलगी पाहिली नाही. तिच्या घरातली ती पहिली पदवीधर होणार होती. आणि कार्यानुभवात नापास झाली असती तर बाप तिला परत कोयता हातात द्यायला तयार बसलेला होता, हेही मला माहीत होतं.

आता थोडं कामाचं सांगते. बाजरीची कणसं खुडून घेतल्यावर जे ताट, म्हणजे नुसता दांडा, उरतं त्याला सरमाड म्हणतात. ज्वारीचा कडबा जनावर आवडीनं खातं, सरमाड मात्र हुंगून सोडून देतं. संस्थेनं आदल्या सालचं सरमाड डोंगराकडच्या एका गावातून आणलं होतं, दोन हजार पेंढ्या. जनावरं त्याला तोंड लावीनात. तेव्हा सवितानं तात्यांना सांगितलं की यावर युरियाची प्रक्रिया करता येते, आम्ही शिकलोय.

युरिया म्हणजे पिकाला टाकायचं खत. तो जनावराला चारायचा म्हटलं की लोक दचकतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. नुसता युरिया पोटात गेला तर तासा-दोन तासांत बैल आडवा होतो. पण वाळल्या चाऱ्याची कुट्टी करून त्यावर युरियाचं पाणी मोजून शिंपडलं, ढीग दाबून वरून प्लास्टिकचा कागद घट्ट बांधला आणि एकवीस दिवस तसाच ठेवला, तर आतल्या आत तो मुरतो, चारा मऊ पडतो आणि जनावराच्या अंगी लागतो. सगळी गोम मोजण्यात आहे. शंभर किलो चाऱ्याला चार किलो युरिया. त्याहून जास्त पडला की औषधाचं विष व्हायला वेळ लागत नाही.

पण गावात चारा किलोवर कुणी मोजत नाही, पेंढ्यांवर मोजतात. म्हणून मी वर्गात सोपं करून सांगायची: पेंढी म्हणजे साधारण किलो धरा. शंभर पेंढ्यांना चार किलो. कितीतरी वर्षं मी ते फळ्यावर लिहिलं, मुलांनी वहीत उतरवलं आणि मी त्या वह्यांवर सह्या केल्या. एरवी हे प्रात्यक्षिक पाच-पन्नास पेंढ्यांवर करून फोटो काढायचा असतो. तात्या म्हणाले, करायचं तर समदंच करा. सवितानं मला फोन केला. मी परीक्षा विभागाच्या बैठकीत होते, बाहेर येऊन फोन घेतला. ती म्हणाली, मॅडम, पेंढीचा हिशेब किलोचाच धरायचा ना? मी म्हटलं, हो गं, वहीत आहे तसं कर. आणि परत आत जाऊन बसले.

एकवीस दिवस पुरे होत होते ते नेमके पोळ्याच्या आदल्या दिवशी. त्या दिवसाला खांदेमळणी म्हणतात, बैलांच्या खांद्यांना हळद आणि तेल चोळून मळतात. तात्यांनी ठरवलं होतं की ढीग त्या दिवशी उघडायचा आणि पोळ्याच्या सकाळी सगळ्या बैलांना पोटभर नवा चारा घालायचा. तीन दिवस उसाचा ट्रक आलेला नव्हता. सगळी छावणी त्या ढिगाकडं डोळे लावून बसलेली होती.

मी सकाळी काळीपिवळी जीपनं पोचले. मुली छावणीच्या टोकाला लिंबाखाली उभ्या होत्या. झाडाच्या बुंध्याशी दहा-बारा पेंढ्या पडलेल्या होत्या, कुट्टी करायच्या राहून गेलेल्या. बसायला म्हणून मी त्यातली एक ओढली आणि ती हातात अशी अलगद उचलली गेली की मी जवळजवळ मागं पडले. दुष्काळाचं सरमाड. ताट गुडघ्यापेक्षा जरा उंच, काडी पेन्सिलीहून बारीक, आणि वजनावर नाही तर पाचुंद्यानं, पाच-पाच पेंढ्यांच्या हिशेबानं विकलं जातं म्हणून पेंढी बांधणाऱ्यानंही हात आखडताच घेतलेला.

मी म्हटलं, संस्थेचा काटा उघडा. सचिवानं दुधाच्या काट्यावर दहा पेंढ्या ठेवल्या. साडेचार किलो भरल्या. परत ठेवल्या, परत साडेचार. म्हणजे दोन हजार पेंढ्यांचे नऊशे किलो. त्याला छत्तीस किलो युरिया लागत होता, आणि वहीच्या हिशेबानं पोरींनी ऐंशी किलो टाकलेला होता.

मी सविताकडं बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडलेला होता, पण तिला आश्चर्य वाटलेलं दिसत नव्हतं. मी विचारलं, तुला माहीत होतं?

"पेंडी उचलली तवाच हाताला हलकी लागलती, मॅडम."

"मग तोलली का नाहीस?"

"तुम्हाला फोन केला होता की." मग खाली बघून म्हणाली, "सेकंड इयरला मी हातानं तोलून वजन सांगितलं होतं. तुमी समद्या वर्गासमोर म्हणला, हाताचा अंदाज गावाकडं ठेवून ये, हितं वहीत काय हाय ते सांग. तवापासून मी हाताचं ऐकायचं सोडलं."

मला ते अजिबात आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. पण मी तसं म्हटलं असणार यात मला शंका नाही, कारण माझं बोलणं असंच आहे. तिथं उभ्या उभ्या मला त्या सिरसाळ्याच्या बापाची आठवण आली आणि लाज वाटली. ज्या पोरीच्या हातात काटा होता तिचा काटा मीच काढून घेतला होता.

तात्यांना बाजूला नेऊन सांगितलं. ते घामाघूम झाले, पण डोकं शाबूत होतं. म्हणाले, लोकांना सांगायची काय गरज, म्हणू की चारा अजून मुरला नाही, आठ दिवस थांबा. मधल्या काळात तुम्ही काय ते निस्तरा. पोरीचंही नाव खराब नको आणि कॉलेजचंही. खरं सांगते, मला तो विचार दोन मिनिटं पटला होता. कुणाला काही कळलं नसतं. पण आठ दिवस जनावरांनी खायचं काय? कुणीतरी पहाटे कागद फाडून चार पाट्या काढून नेल्याच असत्या. आणि त्यानं एखादा बैल मेला असता तर पहिलं बोट सविताकडं गेलं असतं.

पशुवैद्यक डॉक्टरांना फोन लावला. ते दुसऱ्या छावणीत अडकलेले होते. त्यांनी नीट सांगितलं: ढीग उघडा, उन्हात पातळ पसरा, उग्र वास जाईपर्यंत हलवत राहा. मग दुसऱ्या चाऱ्यात थोडा थोडा मिसळून आधी एकाच जनावराला घाला आणि दोन तास नजर हलवू नका. फेस आला, पोट फुगलं, थरथरायला लागलं तर व्हिनेगर आणि भरपूर थंड पाणी पाजा. मी उद्या दुपारी येतो. तात्यांनी मोटरसायकलवर एकाला उमापूरला पिटाळलं. किराणा दुकानात व्हिनेगर मिळेना, तेव्हा त्यानं चायनीजच्या गाडीवाल्याकडचा सगळा साठा उचलला. गाडीवाल्यानं विचारलं म्हणे, किती माणसांचं जेवण आहे?

दुपारी खांदेमळणीसाठी लोक छावणीत जमले. हळदीचे हात घेऊनच उभे होते सगळे. मी बोलायला उभी राहिले. वर्गात तासन्‌तास बोलणारी मी, पण तेव्हा तीनच वाक्यं बोलले. म्हटलं, ढिगात युरिया दुपटीहून जास्त पडलाय. पोरींनी वहीत लिहिलं होतं तसंच केलं, आणि वहीत ते मी लिहून दिलं होतं. चूक माझी आहे.

मग मागून एकजण म्हणाला, "मंग हे आताच कावून सांगता? उघडायच्या टायमाला?" मी म्हटलं, मलाच आज कळलं. मग मात्र गलका झाला. कॉलेजवाले येतात, फोटो काढतात आणि जातात. आमची जनावरं काय प्रयोगाला बांधलीत का. ही पोरगी तर रोज ढिगापाशी उभी असायची, तिला दिसलं नाही का. सविता माझ्या मागं उभी होती आणि तिचा श्वास मला ऐकू येत होता.

कौसाबाई हळदीचा हात लखन्याच्या खांद्यावर तसाच ठेवून म्हणाल्या, "आजवर लई सायब येऊन गेले. चुकलं म्हणून सांगायला कुनी आलं न्हवतं. ऐकून तरी घ्या."

मी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं समजावलं. मग प्रश्न आला, आधी कुणाच्या जनावराला घालायचं? तात्यांनी सुचवलं की एखादी भाकड गाय बघू. मलाही तेच योग्य वाटत होतं. पण कौसाबाईंनी मान हलवली.

"उद्या पोळा हाय, तात्या. उद्याच्या दिशी पयला घास बैलाचा. गाईला आदी घातला तर कुनाच्या घरात चूल पेटायची न्हाई."

हे मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नसतं. शास्त्राच्या दृष्टीनं गाय काय आणि बैल काय, पोट एकच. पण तिथल्या एकाही माणसानं त्यावर वाद घातला नाही. मी म्हटलं, मग परवापर्यंत थांबू. कुणीतरी दावणीकडं बोट दाखवलं. दावणीत काडी नव्हती. बराच वेळ कुणी आपल्या बैलाचं नाव घेईना. आणि मग कौसाबाईच म्हणाल्या, "माझ्या लखन्याला घाला. पर म्याडम, तुमी हितंच ऱ्हायचं. त्याच्याम्होरं."

कागद सोडला तेव्हा असा वास आला की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मुलींनी तोंडाला ओढण्या बांधल्या, मी पदर. संस्थेच्या मोकळ्या जागेत वीतभर थर पसरला आणि दाताळ्यांनी हलवत राहिलो. हळूहळू गावातली माणसंही आली, शिव्या घालत घालत हलवायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी परत ऊन खाऊ दिलं. वास कमी होतोय की आमची नाकं मेलीत ते कळेना, तेव्हा सविता म्हणाली, मी बघते. मूठभर चारा घेतला, दाबला, हुंगला, परत मध्यातला घेतला. म्हणाली, कडंचा झाला, मधला अजून न्हाई. मधला आणखी तीन तास हलवला. यावेळी मी वहीचं नाव काढलं नाही.

तात्यांनी कुठून तरी अर्धा ट्रक ऊस पैदा केला होता. जनावरामागं दोन-तीन कांड्या आल्या असत्या, पण मिसळायला तो देवासारखा धावून आला. तीन पाट्या उसाच्या कुट्टीत एक पाटी सरमाड, आणि त्यातलं लखन्यापुढं फक्त दोन ओंजळी.

बैलाला सकाळी पाणी टाकून धुतलेलं, अंगावर जुनी झूल, शिंगांना रंग. त्याला काय माहीत आपल्यापुढं काय ठेवलंय. त्यानं हुंगलं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि खायला लागला. टोपलीचा तळ चाटला. कौसाबाई दाव्याला हात लावून बसल्या. त्यांची सून पलीकडं उभी, तिच्या सगळ्या हंगामाचा भार त्या बैलाच्या मानेवर होता हे मला तिच्याकडं बघून कळत होतं. सविता व्हिनेगरच्या बाटल्यांची झाकणं सैल करून बसली होती. मी घड्याळ बघत उभी होते.

पाऊण तासानं लखन्याच्या तोंडातून लाळेची तार गळली. मी बाटलीकडं धावले, पण सवितानं हात आडवा घातला. तिनं त्याच्या कानाच्या मुळाशी हात लावला, मग पोटाच्या खळगीत मूठ दाबून धरली आणि तशीच थांबली. "उसाची लाळ हाय ती," कौसाबाई म्हणाल्या. सविता म्हणाली, "पोट चालू हाय मॅडम, हाताला लागतंय." मी तिच्या हातावर विश्वास ठेवला. बाटली खाली ठेवायला मात्र मला जमलं नाही.

आणखी तासभर गेला असेल. लखन्या पुढचे पाय दुमडून हळूच खाली बसला. सगळे पुढं सरकले. मग त्याच्या गळ्याखालून एक गोळा वर सरकताना दिसला, आणि तो डोळे अर्धे मिटून संथपणे चघळायला लागला. रवंथ. विषबाधा झालेलं जनावर रवंथ करत नाही, त्याचं पोटच थांबतं. मी हे वर्गात कित्येकदा शिकवलेलं आहे, पण एखादा बैल रवंथ करतोय हे बघून रडायला येतं, हे मला माहीत नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला आणि मी सगळ्यांसमोर रडले. सविता रडली नाही. ती त्याच्या मानेवरून हात फिरवत होती आणि गोळे मोजत होती.

"बसा आता," कौसाबाई म्हणाल्या, "सकाळधरनं उभ्या हाव." मग गावातल्या चुली पेटल्या, आणि पहिल्या पुरणपोळीचा घास त्यांनी लखन्याला आणून दिला. दुपार कलल्यावर डॉक्टर आले, त्यांनी दोन-चार जनावरं तपासली आणि असंच चालू द्या म्हणाले. रोज थोडं थोडं वाढवत तो ढीग छावणीला पंधरवडाभर पुरला. एकही जनावर गेलं नाही. दसऱ्यानंतर कौसाबाईंचा मुलगा आणि सून गाडी जुंपून कारखान्याला गेले, लखन्या उजव्या बाजूला होता. हे मला सवितानं फोन करून कळवलं तेव्हा मी पुन्हा एकदा सुटकेचा निःश्वास टाकला. मधल्या काळात मी रोज सकाळी उठले की पहिला विचार त्या दावणीचा करत होते, हे मी घरी कुणाला सांगितलं नव्हतं.

माझ्या हातून झालेलं मी अहवालात लिहिलं. वरिष्ठांनी एवढं तपशिलात लिहायची गरज नव्हती असं सुचवलं. मी ते तसंच ठेवलं. फळ्यावरची ओळ मात्र मी पुन्हा कधी लिहिली नाही.

सत्राच्या शेवटी तोंडी परीक्षा झाली. बाहेरचे परीक्षक दुसऱ्या कॉलेजातले, सज्जन गृहस्थ, वेळेत काम उरकणारे. त्यांच्यापुढं प्रश्नांची यादी होती. ती यादी बऱ्याच वर्षांपूर्वी मीच तयार केलेली होती, उत्तरांसकट, आणि ती बदलायची माझ्या डोक्यातून साफ गेली होती. त्यांनी सविताला विचारलं, शंभर पेंढ्या सरमाडाला युरिया किती?

सविता म्हणाली, "पेंढी बघावी लागेल, सर."

ते म्हणाले, समजा, नेहमीची पेंढी. ती म्हणाली, नेहमीची अशी पेंढी नसते, आधी तोलते, मग सांगते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडलं, पण मार्गदर्शकानं तोंडी परीक्षेत बोलायचं नसतं, असा नियम आहे, आणि तो नियमही मीच दरवर्षी सगळ्यांना सुनावलेला. त्यांनी माझ्या हस्ताक्षरातलं उत्तर बघितलं, चार किलो, आणि शांतपणे दोन गुण कापले.

ती पास झाली, चांगल्या गुणांनी झाली. पण तेव्हा ते ठरायचं होतं. मी तिच्या मागोमाग व्हरांड्यात गेले. म्हटलं, अगं, चार किलो म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं? कागदावर तेच उत्तर होतं. दोन गुण गेले तुझे.

सविता हसली. "जाऊ द्या मॅडम," ती म्हणाली, "बैल तर न्हाई गेला."